पिवळ्या खुणेच्या मरळी

दिवाळी सरली की दोंडाईच्याच्या हवेला ठसका येतो. गावाबाहेरच्या मोकळ्या रानांत मिरच्या वाळत पडलेल्या असतात. लांबून बघितलं तर कुणी लाल लुगडी धुऊन पसरली आहेत असं वाटावं. पॅसेंजर स्टेशनात शिरायच्या आधीच डब्यातलं कुणीतरी शिंकतं, मग दुसरं कुणी, मग सगळा डबा. नवखा माणूस खिडकी लावायला उठतो. आमच्याकडची माणसं बसून राहतात. काचेनं मिरची अडत नाही, हे त्यांना माहीत असतं.

मी आता जळगावला राहते, पण हा हंगाम मला इथंही गाठतो. माय दरवर्षी मिरच्यांची पिशवी पाठवते. पिशवीची गाठ सोडली की स्वयंपाकघरात तो वास उठतो, आणि त्या वासाबरोबर पाणी येतं. धरणाचं पाणी. थंडीतल्या सकाळचं, वाफा सोडणारं. त्या पाण्याकडे बघायला मला सहा हिवाळे झाले तरी नीट जमत नाही.

मी एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना मला अजून बरं वाटतं. तर याच दिवसांत आमच्या प्रयोगशाळेत एक प्रात्यक्षिक असतं. पाण्यातले, रानातले जीव एकेक करून मोजता येत नाहीत. मग ते किती आहेत याचा अंदाज कसा काढायचा, याचं. आम्ही टबात चवळीचे दाणे ओततो. किती ओतले ते कुणाला सांगत नाही. त्यातले पन्नास काढायचे, त्यांना लाल नेलपॉलिश लावायचं, वाळले की परत टबात टाकून ढवळायचं. मग डोळे मिटून पुन्हा पन्नास काढायचे. त्यात दहा लाल निघाले, म्हणजे पाचातला एक लाल. म्हणजे टबात सगळे मिळून अडीचशे. लाल जितके कमी निघतील, तितका टबातला साठा मोठा. मुलींना हे फार आवडतं. जादूसारखं वाटतं. मलाही वाटायचं.

यंदा एका मुलीनं हात वर केला. रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली, एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, "मॅडम, दाणे काढणाऱ्यानं लाल दाणा बघून तो गुपचूप परत टाकला, आणि सांगितलंच नाही, तर?"

बाकीच्या हसल्या. मी म्हणाले, असं कुणी कशाला करेल? पुढचं लिहा.

ती लिहायला लागली. मी फळ्याकडे वळले. त्या मुलीला मी खोटं उत्तर दिलं होतं. असं कुणी कशाला करेल, याचं उत्तर मला माहीत होतं. चार हिवाळे माहीत होतं.

*

सहा हिवाळ्यांपूर्वी मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रकल्पासाठी बरोबरच्या मुलींनी फुलपाखरं घेतली, कॉलेजच्या आवारातले पक्षी घेतले. मी म्हणाले, मरळ. आमच्या गावाजवळ तापीला मिळणाऱ्या एका नदीवर धरण आहे. फार मोठं नाही. त्यावर दहा-बारा घरं मासे धरून जगतात, त्यातलं एक आमचं. रोहू-कटल्याचं बी मच्छीमारांची सोसायटी दरवर्षी बाहेरून आणून सोडते; मरळ मात्र धरणाची स्वतःची. ती तिथंच जन्मते, तिथंच वाढते, आणि बाजारात सगळ्यांत आधी संपते. सापासारखं डोकं, काळपट अंग. टोपलीत ओल्या पोत्याखाली तासन् तास जिवंत राहते. लहानपणी वडिलांबरोबर पॅसेंजरनं जाताना आमच्या टोपलीतली मरळ मध्येच उसळायची आणि समोरची बाई पाय वर घ्यायची. मी खिडकीबाहेर बघत बसायचे, टोपली आमची नाहीच असं.

धरणात मरळी किती आहेत, आणि वर्षाला किती काढल्या तर पुढच्या वर्षी तितक्याच राहतील, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी ते शोधणार होते. सर खूश झाले. आपल्या माणसांच्या उपयोगाचं काम, म्हणाले. मी तर इतकी खूश होते की रात्रभर वहीवर रेघा मारत बसले.

मरळी धरायला नाना होते. नाना म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, सगळ्या घरांत वडील माणूस. आमच्या धरणावर बरेच जण ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं लावतात. नानांकडे पत्र्याची होडी होती, आणि तिचा त्यांना तोरा होता. सकाळी काठावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची शेकोटी करायची, हात शेकायचे आणि निघायचं. पाणी हवेपेक्षा गरम. बोटं पाण्यात घातली की बरं वाटायचं, बाहेर काढली की बधिर व्हायची. वारा गावाकडून फिरला की पाण्यावरून मिरची यायची. नाना शिंकायचे आणि सगळी होडी हलायची. मग स्वतःच म्हणायचे, आता बठ्ठा मासा पळनात, म्हणजे सगळे मासे पळाले.

मी मरळीच्या पाठीवरच्या पराशेजारी सुईनं एक बारीक पिवळी प्लास्टिकची दोरी ओवायचे, तिच्यावर नंबर. पिवळा रंग मीच निवडला. गढूळ पाण्यातही लांबून दिसतो म्हणून. खूण झाली की मरळ नानांच्या हातात. ते दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचे, तिला सावकाश मोकळी करायचे, आणि ती दिसेनाशी झाली की क्षणभर हात जोडायचे. ओठ हलायचे. मला वाटलं, मोजताहेत. मी म्हणाले, "नाना, मोजायचं काम माझं. तुम्ही नुसतं सोडा, वेळ जातो."

त्यांनी मान हलवली. पुढच्या मरळीला पुन्हा हात जोडले.

दोनशेच्या आसपास मरळी आम्ही अशा सोडल्या. मग मी काठावर सगळ्यांना जमवून समजावून सांगितलं. पिवळ्या खुणेची मरळ जाळ्यात आली तर नंबर सांगा, दर रविवारी मी वही घेऊन येईन. मी पुस्तकातली मराठी बोलत होते. आपल्याच काका-मामांसमोर मी 'पुनर्प्राप्ती' म्हणाले. त्यांनी माना डोलावल्या. त्यांना कळलं म्हणून मी खूश. आता वाटतं, ते माझ्या शब्दाचा अर्थ ऐकत नव्हते. आपली पोरगी कशी बोलते, ते ऐकत होते.

*

इथं मला त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगायची मला जास्त लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

आमच्या या दहा-बारा घरांत एक रिवाज आहे. कुणी आजारी असेल, कुणाची लेक बाळंतपणाला आली असेल, कुणाचं काही मोठं काम असेल, तर एक जिवंत मरळ आणायची, हळदीत भिजवलेला पिवळा दोरा तिच्या शेपटीशी सैलसर बांधायचा आणि तिला पाण्यात सोडायची. तिला सोडीव म्हणतात. पुढं ती कुणाच्याही जाळ्यात आली तर त्यानं ती सोडून द्यायची. आणि कुणाला सांगायचं नाही. घरातसुद्धा नाही. सांगितलं तर ज्याचा नवस त्याचं बिघडतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेआधी मायनं माझ्यासाठी सोडीव केली. नेमकी त्या दिवशी माझी एक मैत्रीण घरी आली होती, जळगावची, डॉक्टरांच्या घरातली. माय घमेल्यातल्या मरळीला दोरा बांधत बसलेली. मैत्रिणीनं विचारलं, काकू काय करताहेत? मी म्हणाले, मासा आजारी आहे, औषध लावतेय.

मायनं ते ऐकलं. वर बघितलं नाही. हळदीचे हात पदराला पुसले आणि घमेलं उचलून बाहेर गेली.

वाचणाऱ्याला पुढचं आताच कळलं असेल. मला कळायला दोन वर्षं लागली. जी गोष्ट माझ्या घरात आहे हेच मी नाकारलं होतं, ती मला प्रकल्पाच्या वेळी आठवणार तरी कशी?

*

रविवारी मी पॅसेंजरनं जायचे. होडीत मात्र बसत नव्हते. परीक्षा जवळ आलेली, आणि थंडी. मासे वजन करतात तिथं पत्र्याच्या शेडबाहेर, उन्हात, पोत्यावर बसून नोट्स वाचायचे. एकेक जण टोपली दाखवायचा. मी मरळी मोजायचे आणि खुणा शोधायचे. माय घरून कळण्याची भाकरी आणि भरीत पाठवायची, भरताला पऱ्हाट्यांच्या धुराचा वास. ते ऊन, तो वास आणि मांडीवरची वही. खरं सांगते, त्याहून सुखाचे रविवार मला आठवत नाहीत. चुकीचं काम करतानाही माणूस इतका सुखात असू शकतो, हे मला अजून पटत नाही.

मार्च संपेपर्यंत खुणेच्या मरळी आल्या सात. साती नंबर एकाच घरातून आले. नदीपलीकडून नव्यानं राहायला आलेलं घर ते, आमच्या रिवाजांशी त्यांचा संबंध नव्हता. यांनाच कशा सापडतात, असं मी एकदाही विचारलं नाही. कारण मला तो आकडा आवडला होता. लाल दाणे कमी, म्हणजे साठा मोठा. मी हिशेब मांडला तेव्हा धरणात इतक्या मरळी निघाल्या की सर म्हणाले, पुन्हा करून बघ. मी पुन्हा केला. तोच आला. गणित चोख होतं.

नानांना पटलं नाही. त्यांची रीत वेगळी. धरणाला एक कोपरा आहे, तिथं नाला येऊन मिळतो, उथळ पाणी, गवत. मरळी तिथं अंडी घालतात. पिल्लं लालभडक असतात आणि शेकड्यांनी एकत्र फिरतात. पाण्यावर कुणी कुंकू सांडलंय आणि ते आपोआप सरकतंय असं वाटतं. खाली आई-बाप राखण करत असतात. म्हणून जुन्या माणसांनी होळीपासून दसरा होईपर्यंत त्या कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही असं ठरवून दिलं होतं. नाना दर भादव्यात तिथं जाऊन लाल घोळके बघायचे. ते म्हणत, घोळके कमी होत चाललेत. मी विचारलं, लिहून ठेवलंय का कुठं? ते हसले. नंतर एका रविवारी माझ्यासमोर टोपली उलटी धरून म्हणाले, "तुना आकडा मोठा शे बाई, पण मनी टोपली कसाले रिकामी?"

सगळे हसले. मीही हसले. पण मनात मी त्यांना एक अडाणी म्हातारा म्हणाले. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

सोसायटीच्या बैठकीत, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, मी तक्ता लावला. नवा ड्रेस घातला होता, इस्त्रीचा. इतक्या मरळी असतील तर कोपरा राखून ठेवायची गरज नाही, आणि बारीक भोकांच्या जाळ्यांनाही हरकत नाही, असं त्या आकड्यावरून निघत होतं, आणि मी तसं म्हणाले. तरुण माणसं खूश झाली. अध्यक्ष आबा म्हणाले, शिकलेलं माणूस घरात असलं की असा उपयोग होतो. मागं वडील उभे होते. त्यांनी टोपी काढून परत घातली.

तेव्हा नाना उठले. म्हणाले, कोपरा मोकळा करू नका, मासा राहिलेला नाही. फार काही बोलले नाहीत, त्यांना बैठकीत बोलायची सवय नव्हती. मी आबांच्या आधी बोलले. सगळ्यांसमोर. "नाना, तुम्ही बसा. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं नसतं."

ते बसले. शेजारच्याच्या खांद्याला धरून, हळूहळू.

*

लाज वाटते तेव्हा लोक म्हणतात, धरणीनं पोटात घ्यावं. माझं तसं नाही. मला लाज वाटते ती कामं करताना, चारचौघांसारखी. दाण्यांना नेलपॉलिश लावताना. हजेरी घेताना. बाजारात मरळीचा भाव विचारला की मासळीवाली बाई म्हणते, हल्ली येतच नाही हो, तेव्हा. मी पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि पुढं चालायला लागते.

त्या बैठकीनंतर दोन हिवाळ्यांनी चुलतभावाच्या बायकोचं बाळंतपण झालं. मी घरी गेले होते. नोकरी लागली होती, पेढे घेऊन गेले होते. माय चुलीपुढं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळत होती. बोलता बोलता मी म्हणाले, यंदा मरळ दिसत नाही बाजारात. माय म्हणाली, कशी दिसेल, कोपऱ्यातलं सगळं बारीक जाळ्यांनी उपसलं. मग लाडू वळता वळता, अगदी सहज, म्हणाली, "तुन्या पिवळ्या मरळी त बठ्ठास्नी सोडी दिन्यात. नानास्नी सांगेल व्हतं, पोरीना नवस शे, धरू नका."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, पण मी तर सांगितलं होतं, सापडली की नंबर सांगा.

"तू सांगेल व्हतं," माय म्हणाली. "पण सांगं आनि तुनंच बिघडनं तर?"

पिवळा दोरा, पाण्यात सोडलेली मरळ, तीही परीक्षेच्या वर्षात. नानांनी सांगितलं, आणि दहा-बारा घरांनी त्याचा एकच अर्थ लावला. पुस्तकात तसं लिहिलंय म्हणून पोरगी सांगा म्हणते, पण आपण नको सांगूया, तिचं वर्ष वाया जायला नको. आठवड्यामागून आठवडे त्यांनी खुणेच्या मरळी जाळ्यातून सोडवल्या, पाण्यात परत टाकल्या, आणि माझ्यासमोर कोरे चेहरे करून उभे राहिले. बाजाराला नेता आल्या असत्या अशा मरळी. नाना होडीत ओठ हलवत होते ते मोजत नव्हते. ते माझ्यासाठी मागत होते. प्रत्येक मरळीमागं एकदा.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी तिकिटाच्या मागं हिशेब मांडला. किती सोडल्या असतील याचा अंदाज धरला, तो कमीत कमी धरला, आणि पुन्हा भागाकार केला. माझा मोठा आकडा झरझर खाली आला. जिथं येऊन थांबला, तिथं नाना आधीपासून उभे होते.

आणि मी गप्प बसले. पदवी मिळाली होती, नोकरी नवी होती. स्वतःला सांगितलं, आता सांगून त्यांनाच वाईट वाटेल. त्यांच्या मायेनंच धरण रिकामं झालं असं त्यांना वाटेल. किती चांगलं कारण होतं ते. अशा कारणावर माणूस चार वर्षं सहज काढतो.

*

रावेरच्या त्या मुलीनं प्रश्न विचारला त्या आठवड्यात मी दोंडाईच्याला गेले. स्टेशनात सगळा डबा शिंकत होता.

नाना अंगणात उन्हाला बसून जाळं दुरुस्त करत होते. गुडघे गेल्यामुळे ते आता पाण्यावर जात नाहीत. होडी घराच्या भिंतीला उलटी टेकवलेली, तिच्यावर काकूंनी मिरच्या वाळत घातलेल्या. मी जवळ बसले आणि सगळं सांगितलं. चवळीच्या दाण्यांपासून. पुस्तकातला एकही शब्द न वापरता सांगायला मला बराच वेळ लागला. नानांची सुई जाळ्यातून आत-बाहेर चालली होती.

संपल्यावर ते म्हणाले, "मंग आम्हीच चुकनूत का?"

याच वाक्याची मला चार वर्षं भीती होती. मी म्हणाले, नाही नाना. तुम्ही चुकला नाहीत. मी विचारलं नाही. होडीत बसले असते तर दिसलं असतं. सात नंबर एकाच घरातून का आले, एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं. आणि रिवाज मला माहीत होता.

त्यांनी दोरा दातानं तोडला. म्हणाले, "उद्या बैठक शे. तठे सांग."

बैठक त्याच शेडमध्ये होती. विषय होता आणखी बारीक जाळ्यांचा; मोठ्या जाळ्यात काही लागेनासं झालं होतं, म्हणून तरुणांना ती हवी होती. मी उभी राहिले. माझ्या आकड्यावरून कोपरा मोकळा झाला, तो आकडा चुकीचा होता, म्हणाले. कसा चुकला तेही सांगितलं. खुणेच्या मरळी सोडल्याचं आलं तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं खाली बघायला लागली. त्यांना वाटलं मी त्यांना पकडलंय. मी पुन्हा सांगितलं, चूक मोजणारीची. ते तरी खालीच बघत राहिले.

मागून एक जण बोलला, माझ्याहून लहान, शाळेत दोन वर्षं मागं होता. "ताई, तवय आकडा तुमनाच, आते बी तुमनाच. आम्ही कोनता धरूत?"

कुणी हसलं नाही. त्याचं बरोबर होतं. वडील मागं उभे होते, त्याच जागी. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आबांनी विचारलं, मग खरा आकडा किती? मी म्हणाले, माहीत नाही. त्या शेडमध्ये हे दोन शब्द मी पहिल्यांदा बोलले. आबा म्हणाले, बरं, बसा ताई. ते चांगल्या आवाजातच म्हणाले. पण मला माझा आवाज ऐकू आला, सहा वर्षांपूर्वीचा.

मी बसले नाही. म्हणाले, नानांना विचारा. तेव्हा त्यांना मी बोलू दिलं नव्हतं.

नाना उठायला वेळ लागला. काठी, मग गुडघा, मग शेजारचा खांदा. गुडघे गेले तरी भादव्यात ते नातवाच्या मोटारसायकलवर बसून कोपऱ्यापर्यंत जातात, हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, "यंदा भादवामा एकच घोळका दखायना. मांगला साल दोन." मग आणखी मागं गेले. तीन. चार. एका सालाशी थांबले, त्या साली ते आजारी होते, बघितलं नव्हतं, म्हणून ते साल सोडून दिलं. मग पुढं सांगायला लागले. न बघितलेलं साल त्यांनी प्रामाणिकपणे कोरं ठेवलं, आणि मी जुनी वही उघडून ते सगळं लिहून घेत होते, त्यांच्या वेगानं, कोऱ्या सालासकट. वरच्याच पानावर माझा मोठा आकडा होता, खाली लाल शाईनं दोन रेघा मारलेल्या. मी तो खोडला नाही. असू दे तिथं.

आबांनी कोपऱ्यावर मत मागितलं. हात वर झाले. होळीपासून दसऱ्यापर्यंत कोपरा पुन्हा बंद. सगळे हात वर झाले नाहीत, पण पुरेसे झाले. बारीक जाळ्यांचं काही ठरलं नाही. त्यावरून भांडण झालं आणि बैठक उठली. मरळ परत वाढेल की नाही, मला माहीत नाही. वाढली तर ती दरवर्षी किती ते आता मी होडीत बसून बघणार आहे. मुलींनाही नेणार आहे, रावेरच्या तिला आधी.

निघताना नाना रिक्षापर्यंत आले, काठी टेकत. मिरच्यांची पोती लादलेला ट्रॅक्टर शेजारून गेला आणि ते शिंकले. मी वाट बघत होते, आता काहीतरी म्हणतील. बोलले तरी चालेल, रागावले तरी चालेल. त्या बैठकीचं काढतील, मला बसवलंस म्हणतील. मी तयारी करून आले होते.

नानांनी नाक पुसलं आणि विचारलं, अगदी काळजीनं, इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं होतं अशा आवाजात, "पण त्या साले तू पास त व्हयनी ना?"

मी म्हणाले, "हो नाना. पहिल्या वर्गात."

त्यांनी समाधानानं मान हलवली, आणि घराकडे वळले.